पाण्यावरची साय

टाकीचं झाकण उचललं आणि ते कुरकुरलं नाही. झालं ते एवढंच. रोज ते उचलताना एकदा आणि टेकवताना एकदा असं गुडघेदुखीच्या म्हातारीसारखं कण्हायचं, मी रोज त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि मग कामाला लागायचे. आज हात वर गेला, झाकण वर गेलं, आणि मधे नुसतीच शांतता. जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं झालं. बाहेर रस्त्यावर कोणी ट्रक मागं घेत होतं, त्याचं पीं पीं चालू होतं. आत पाण्यात हवा सोडणारं यंत्र घुमत होतं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त एक आवाज नव्हता. मला वाटलं, वा, बरं झालं, कोणीतरी दुरुस्त केलं वाटतं. खोटं कशाला बोलू, चांगलं अर्धं मिनिट मला बरं वाटलं. मग मी बिजागरीकडे पाहिलं. ती काळी, ओली चकाकत होती आणि तिच्या खालच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. मी बघत असतानाच तो सुटला.

टाकीवर आमचा एक दिवा तिरका लावलेला असतो. एरवी त्याचा उजेड पाण्यात शिरतो आणि तळापर्यंत जातो. आज तो वरच अडकला होता, आणि अडकला होता तिथं जांभळा, हिरवा, पिवळसर असे रंग सावकाश फिरत होते. रस्त्यावर गाडीचं तेल सांडलं की डबक्यात दिसतात तेच. लहानपणी त्या रंगांत काडी फिरवत मी तासन्‌तास बसायचे, इतके ते मला आवडायचे. आणि त्या रंगांच्या बरोबर खाली, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, आमचं जिरं. मासळीच्या धंद्यात अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना जिरं म्हणतात, आकारच तेवढा म्हणून. पुढं त्याचं बीज होतं, बोटाएवढं झालं की बोटुकली. तर ते जिरं काल पहिल्यांदा तळ सोडून वर आलं होतं आणि आता पाण्याच्या पाठीला खालून तोंडं लावत होतं. एक पिल्लू यायचं, तोंड टेकवायचं, मागं सरायचं, शेपटी वळवळवत खाली जायचं, पुन्हा यायचं. शेजारचं तेच. त्याच्या शेजारचं तेच. हजारो तोंडं, आणि वर ती रंगीत साय, केसाच्या जाडीचीसुद्धा नसेल, पण त्यांच्या दृष्टीनं छतच म्हणायचं. आणि त्या तोंडांचा कुठं म्हणजे कुठं आवाज नाही.

काय झालं ते मला तत्क्षणी कळलं. हे कळायला मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, इथं मत्स्यबीज केंद्रात येऊन शिकले, इथल्या मॅडमनी शिकवलं. माशाच्या पोटात एक फुगा असतो. मॅडम त्याला वाताशय म्हणतात, मी फुगा म्हणते. त्याच्या जिवावर मासा पाण्यात हवा तिथं थांबू शकतो. पण जन्मतः हा फुगा रिकामा असतो, मिटलेला. पिल्लाला आधी तोंडच नसतं. मग तोंड फुटतं, मग ते उघडतं, मग ते पिल्लू वर येतं, पाण्याचा पापुद्रा फोडतं आणि हवेचा एक घोट गिळतं. घशातून एक नळी फुग्याकडे जाते, तिच्यातून तो घोट आत उतरतो. आमच्या या पाठीवर काटे असलेल्या माशात ती नळी काही दिवसच उघडी असते. नंतर ती बुजते आणि जन्मात परत उघडत नाही. तेवढ्यात घोट घेतला तर घेतला. नाही घेतला तर ते पिल्लू पोहतच राहतं, कारण थांबलं की बुडतं. खाल्लेलं सगळं पोहण्यातच खर्च होतं, पाठ वाकडी होते, वाढ खुंटते, आणि एक दिवस ते तळाशी आडवं दिसतं. पाण्यावर तेल आलं की पिल्लांना पापुद्रा फोडता येत नाही, म्हणून हाताला तेलाचा नुसता वास असला तरी मॅडम आम्हाला हात परत धुवायला लावतात. मी गेली कित्येक वर्षं केसांना तेल लावून कामावर आलेले नाही. माझे केस झाडूसारखे झालेत, बघायचं काम नाही.

आणि ही खेप. या माशाची नदी आता नदी राहिलेली नाही, तिच्यावर भिंत उभी राहिली तेव्हापासून ते मासे वर चढू शकत नाहीत. आमच्याकडे मोठ्या टाकीत माद्या होत्या, त्यांतली एकच यंदा अंड्यावर आली. अंडी घातली आणि दोन्ही कल्ले पसरून एका कोपऱ्यात उभी राहिली, आणि सकाळी ती मरून कुशीवर झालेली होती. बाकीच्या आता म्हाताऱ्या, त्यांच्याकडून काही व्हायचं नाही. म्हणजे जे काही होतं ते या टाकीत होतं, आणि ते छताला तोंडं लावत होतं.

मागं वळून पाहिलं तर दादा आपल्या स्टुलावर, हवेच्या यंत्राशेजारी. दोन्ही हात मांडीवर. चेहरा असा, की चांगलं काम करून ठेवलंय आणि आता कोणाच्या तरी लक्षात यायची वाट बघतोय. काल संध्याकाळपासून हाच चेहरा होता, आत्ता माझ्या ध्यानात आलं. काल घरी जेवताना तो गुणगुणत होता. मी विचारलंही, आज काय एवढं. म्हणाला, कुठं काय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. आयुष्यभर तेच केलं. त्याचं दुकान म्हणजे एक खोली, भिंतीला लागून उघडी पोटं टाकून बसलेली यंत्रं, आणि मधलं टेबल, आणि त्या टेबलाखाली मी. आई नव्हती, वडील कामासाठी दूर, महिनोन्‌महिने; मला ठेवायला दुसरी जागा नव्हती. मी तिथंच झोपायचे, तिथंच अभ्यास करायचे, रिकाम्या रिळांची माणसं करून त्यांची भांडणं लावायचे. वरून दादाचा पाय दिसायचा, चाक फिरवताना हलणारा, आणि लांब चोचीच्या कुपीतून तेल सोडल्याचा बारीक आवाज यायचा, टिक, टिक. जगात काहीही कुरकुरलं की त्याचा हात कुपीकडे जाणार. शेजाऱ्यांचे दरवाजे, पाळणे, माझ्या दप्तराची कडी, रस्त्यावरून जाणाऱ्या फळवाल्याच्या गाडीचं चाक. फुकटात. मी किरकिर केली की म्हणायचा, हिला कुठून तेल घालू ते सांगा. गिऱ्हाईक हसायचं. मला राग यायचा, मी अजून जोरात किरकिर करायचे. आता दुकान गेलं. हात थरथरतात. एकदा जिन्यात पडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका, म्हणून त्याला रोज बरोबर आणते. मॅडमनी हरकत घेतली नाही. तो स्टुलावर बसतो आणि यंत्राचा आवाज ऐकतो. कुपी त्याच्या खिशात असते, ते मला माहीत होतं. पेन असावं तशी असते. तिच्यात अजून तेल असेल हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

"दादा, झाकणाला तेल तू घातलंस?"

"काल. तू जाळ्या धूत होतीस." त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. "किती बोंबलत होतं रोज. तूच म्हणायचीस."

"किती घातलंस?"

"चांगलं घातलं. पार सुकली होती बिजागरी."

काय सांगायचं अशा माणसाला. मला त्याची कीव येत होती आणि त्याच वेळी माझं डोकं असं तापलं होतं की कानात ठणके बसत होते. मी म्हटलं, "लोक डोळ्यांत तेल घालून पिल्लं जपतात. तू पाण्यात घातलंस. बघ ये इकडं, बघ. ती वर येतायत हवा घ्यायला आणि तुझ्या तेलानं त्यांचं तोंड बांधलंय. रात्रभर. मारलीस तू ती."

"कोणाला?" तो खरंच विचारत होता.

"सगळ्यांना. उद्यापासून घरीच बस. बाहेरून कुलूप लावून येत जाईन मी."

त्यानं टाकीत वाकून पाहिलं. त्याला काय दिसलं असेल कोण जाणे, त्याच्या नजरेला एवढं बारीक दिसत नाही. पण बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला आणि म्हणाला, "बरं." हे त्याचं नेहमीचं. वडिलांनी पत्र पाठवून सांगितलं पोरीकडं बघ, बरं. दुकानाची जागा सोडा, बरं. या माणसाच्या तोंडून मी दुसरा शब्द ऐकायला आयुष्यभर टपून बसलेय.

मॅडम आल्या. त्या माझ्याहून लहान, उंच, विचार करताना पेनाचं टोपण चावतात. त्यांना मी एका दमात सांगितलं, दादाचंही नाव घेतलं, लपवून काय करणार. त्यांनी दादाकडं एकदा पाहिलं. काचेच्या नळीनं एक पिल्लू उचलून बशीत घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मी त्यांच्या टोपणाकडं बघत होते. टोपण थांबलं.

"फुगा मिटलेला आहे," त्या म्हणाल्या. "पण नळी उघडी दिसतेय अजून."

"किती वेळ?"

"आजचा दिवस. उद्याचं मी सांगू शकत नाही, ताई."

"पाणी बदललं तर?"

"झोत लागला की मरतील. पाणी तेच राहू दे. वरची सायच काढायची. कागदानं."

तर आम्ही कागद घेऊन बसलो. हात पुसायचा कोरा, जाडसर कागद असतो तो. एक ताव दोन्ही टोकांना धरायचा, एका कडेनं पाण्यावर टेकवत टेकवत पूर्ण पसरायचा, क्षणभर थांबायचं, तो तेल पितो आणि काळपट होतो, मग एका कोपऱ्यानं हळूच सोलून घ्यायचा. घाई केली की पिल्लं कागदाला चिकटून येतात. हळू केलं की कागद भिजून बुडतो. मॅडम पलीकडून, मी अलीकडून. ताव संपला की मी मागं हात करायचे आणि माझ्या हातात दुसरा ताव यायचा. पहिले कितीतरी ताव घेतल्यावर माझ्या ध्यानात आलं की ते कोण देतंय. दादानं गठ्ठा सोडून घेतला होता आणि एकेक ताव दोन्ही हातांनी धरून, छातीशी टेकवून उभा होता, म्हणजे थरथर कागदाला लागू नये. त्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले होते. बाह्यांवरून पाणी गळत होतं. मी ताव घेतला आणि परत पाण्याकडं वळले. राग असा एका सकाळीत जात नाही माझा.

एकच काम हात करत असले की डोकं मोकळं सुटतं. मला मी इथं पहिल्यांदा आले तो दिवस आठवत होता. मला फरशी धुवायला घेतलं होतं, दुसरं काही येत नव्हतं मला. मॅडमच्या आधीचे साहेब होते, ते सूक्ष्मदर्शकाकडं बोट करून म्हणाले, बघायचंय का, बघ. मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक गोल, काचेसारखं स्वच्छ अंडं, आणि त्याच्यात गुंडाळलेली एक रेघ. रेघेच्या एका टोकाला दोन मोठे डोळे, नुसते आकार, त्यांत काळं अजून भरलेलं नव्हतं. ते डोळे बघत नव्हते, बघायला तयार होत होते. आणि त्यांच्या खाली काहीतरी ठोके देत होतं. इवलंसं, पारदर्शक, उघडमीट, उघडमीट. साहेब म्हणाले, हृदय. मी म्हटलं, रक्त कुठंय. ते म्हणाले, आहे, लाल व्हायचंय अजून. मी तिथंच बादली हातात धरून उभी. रक्त लाल व्हायच्या आधीच ते फिरवायला लागलंय. फिरवायला कोणी सांगितलं याला? कोणासाठी चाललंय हे? अजून पोट नाही, तोंड नाही, शेपटी धड सुटलेली नाही, आणि हे आपलं मालक यायच्या आधी दुकान उघडून बसलेल्या पोऱ्यासारखं कामाला लागलेलं. मी घरी जाऊन दादाला सांगितलं तर तो म्हणाला, मोटार आधी बसवावी लागते, बाकीचं मग. त्याचं सगळं जग यंत्राचं.

त्यानंतर मी शेकडो खेपा बघितल्या असतील, तरी सवय झालेली नाही. अंड्यातून निघायच्या वेळी पिल्लाच्या कपाळावरून काहीतरी झिरपतं आणि कवच मऊ होतं. मग ते शेपटीचे झटके देतं आणि बाहेर पडतं, आणि पडतं ते डब्यासकट, पोटाला पिवळ्या बलकाची गाठ घेऊन. बलकात एक तेलाचा थेंब असतो, त्याच्या आधारानं ते जरा तरंगतं. हो, तेलाचा. त्याच्या आईनं घातलेला. आज कागद सोलताना मला हे आठवलं आणि माझाच मला संताप आला, काय ठिकाणी काय आठवतं. मग काही दिवस ते काही खात नाही, तळाशी पडून असतं, उगाच उसळी मारतं आणि परत पडतं. त्या अवधीत सगळं होतं. डोळे काळे होतात. जबडा येतो, वरचा, खालचा. अंगाभोवती जी एक सलग झालर असते तिच्यातून पंख वेगळे काढले जातात, अनावश्यक तेवढं विरत जातं. माणसं एक घर बांधायला वर्षं लावतात, भांडतात, सिमेंट चोरतात. इथं कोणी मुकादम नाही. आणि प्रत्येकाचं तसंच होतं, डावा डोळा डावीकडंच. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या वेळी मला मोठ्यानं बोलवत नाही.

दुपारपर्यंत रंग विटले. जांभळा गेला, मग हिरवा. मधोमध एक पिवळसर ठिगळ राहिलं, ते कागदाला दाद देईना, इकडून हात लावला की तिकडं सरकायचं. मॅडमच्या पाठीला रग लागली होती, त्या मधूनच ताठ उभ्या राहायच्या आणि परत वाकायच्या. मला एकाएकी वाटलं, हे सगळं फुकट आहे, नळ्या बुजत चालल्यात, आपण मेलेल्यांचं पांघरूण काढतोय. आणि मग मनात त्याच्यामागोमाग दुसरं आलं, की हे आपण कुलुपाचं काय बोलून बसलो. या माणसानं माझ्यापायी लग्न केलं नाही, असं सगळे म्हणायचे. त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मला कायम वाटत आलं की मी त्याच्या गळ्यात पडलेली जबाबदारी. वडिलांनी सांगितलं आणि तो बरं म्हणाला. बरं म्हणून वाढवलेलं पोर मी. आभार मानायला जावं तर त्या बरंपुढं शब्द सुचत नाहीत, म्हणून मी आपली भांडत राहते. भांडण तरी घरात आवाज करतं.

शेवटी ते पिवळं ठिगळही एका तावाला चिकटून आलं. उजेड पाण्यात शिरला. आम्ही तिघं कडेला उभे. पिल्लं थकली होती, बरीचशी खाली गेली होती. मॅडमनी दिवा थोडा खाली घेतला. काहीच होईना. मी श्वास धरला होता, छाती दुखायला लागली तेव्हा कळलं. आणि मग पाण्याच्या पाठीवर एक खड्डा पडला. टाचणीनं टोचावं एवढा, आणि मिटला. मग पलीकडं एक. मग इकडं दोन. मग एकदम ठिकठिकाणी, मोजायची सोय नाही, बारीक पाऊस पडताना पाण्यावर उमटतं ना तसं, पण वर छत आणि हवा कोरडी. तो पाऊस खालून पडत होता. मॅडमनी टोपण तोंडातून काढलं. दादा म्हणाला, "बुडबुडे का ते?" मी म्हटलं, "नाही. तोंडं आहेत."

पण तोंड बाहेर आलं म्हणजे हवा आत गेली असं नाही. नळी बुजली असेल तर घोट घशातूनच परत. ते सकाळीच कळणार होतं. आम्ही घरी गेलो. सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर हा बूट घालून खुर्चीत बसलेला, किल्ली टेबलावर काढून ठेवलेली, कुलूप तिच्या शेजारी. म्हणाला, "तू लावणार ना बाहेरून? की मी आतून लावून घेऊ?" त्यात टोमणा नव्हता, हीच तर पंचाईत. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "चल गुमान." तो म्हणाला, "बरं." आणि उठला.

मॅडम आमच्याआधी येऊन बसल्या होत्या. त्यांनी टाकीच्या निरनिराळ्या जागांवरून पिल्लं बशीत घेतली होती. पहिलं त्यांनी पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्यालाही तसंच. मला बसवेना, मी जाऊन उगाच एक स्वच्छ बादली धुतली. परत आले तेव्हा त्या बशी सरकवून पुढच्या पिल्लाशी आल्या होत्या आणि हलत नव्हत्या. मग बाजूला झाल्या. मी डोळा लावला. पाठीच्या कण्याखाली, आतड्याच्या वर, एक ठिपका. चांदीचा म्हणावा तर चांदी इतकी चकाकत नाही. गोल, पूर्ण, कडा काळी आणि मधे उजेड. आणि ते पिल्लू शेपटी न हलवता, पाण्याच्या मधोमध, नुसतं होतं. थांबलेलं होतं. ना वर जात होतं ना खाली. त्याच्या आयुष्यातली ही पहिली विश्रांती. पुढचं, तेही. त्याच्या पुढचं, तेही. मग एक रिकामं, मग परत भरलेली. सगळी नाहीत. बरीच गेली, ती जाणारच. पण बहुतेकांनी घेतला होता घोट. मॅडम चष्मा पुसत होत्या, आणि चांगला स्वच्छ चष्मा पुसत होत्या. मला रडू आलं, सरळ सांगते. इतकी बिनकामाची सुंदर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही, आणि बिनकामाची तरी कशी म्हणू, तिच्यावरच सगळं उभं होतं.

"ये, बघ," मी दादाला म्हटलं. त्याचं डोकं स्थिर राहीना, कपाळ नळकांड्यावर आपटायला लागलं. मी एक हात त्याच्या मानेवर ठेवला आणि दुसऱ्यानं हनुवटी धरली. त्याची दाढी टोचत होती. त्यानं डोळा नीट टेकवला.

"हलतंय काहीतरी," म्हणाला.

"हृदय ते."

"आणि हा चकाकणारा?"

"हवा. कालचा घोट."

तो बघतच राहिला. मला वाटलं त्याला दिसेनासं झालं असेल. मग तो म्हणाला, डोळा तसाच लावून, "तू पण घेत नव्हतीस."

"काय?"

"श्वास. झालीस तेव्हा. आईचं काहीतरी बिघडलं होतं, सगळ्या बाया तिच्याकडं. तुला फडक्यावर ठेवलं बाजूला, माझ्यापाशी. मला बाहेर घालवायचं विसरल्या. निळी होतीस तू. काळीनिळी. सुईण म्हणाली, हे गेलंय, आईला बघा."

मी त्याची हनुवटी धरून उभी होते. हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मॅडम बशीकडं बघत राहिल्या.

"मी तुला हात लावला नाही, बारके," तो म्हणाला. "मी मनात म्हणत होतो, नको घेऊस. तू जा, आई राहू दे. मला वाटायचं दोघींतलं एकच मिळतंय. म्हणून मी बघत बसलो, नको घेऊस, नको घेऊस असं म्हणत."

"मग?"

"मग तू घेतलास. कोणी काही केलं नाही. तुझं तूच. छाती अशी वर आली, आणि निळं जायला लागलं, इथून, ओठांपासून. रडलीस नंतर. आधी नुसती पडून होतीस, श्वास घेत." त्यानं मानेचा भार माझ्या हातावर टाकला. "मला इतकं नवल वाटलं बघ. मी तेच बघत राहिलो. तिकडं आई गेली, ते मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं."

त्यानं डोळा काढला नव्हता. मॅडम हळूच म्हणाल्या, ताई, आता पिल्लांना खायला घालायला हवं. मी हो म्हटलं, आणि तशीच उभी राहिले.